पाठमोऱ्या बायांची रुक्माताई

तुमच्या गावातल्या कोणत्या भिंतीवर तुमच्या ओळखीची एखादी बाई आहे?

नीट आठवून सांगा. देवी धरू नका. साबणाच्या जाहिरातीतली धरू नका. वाढदिवसाच्या फलकावर नवऱ्याच्या खांद्यामागून डोकावणारी, हात जोडलेली, तीही नको. मी विचारतेय ती तुम्हाला रोज दिसणारी बाई. तुम्हाला भाजी तोलून देणारी. तुमच्या पोराच्या शाळेत खिचडी शिजवणारी. सकाळी टेम्पोत उभी राहून कापूस वेचायला जाणारी. आहे का ती कुठे, पुढाऱ्यांच्या आणि गुटख्याच्या गर्दीत?

आमच्याकडे होती. दारव्ह्यात होती, यवतमाळात होती, लोहाऱ्याच्या एमआयडीसीत होती, थेट उमरखेडकडच्या ढाणकीत होती. त्या सगळ्या एका बाईनं काढल्या. तिचं नाव रुक्मा आडे. ती गेली, त्याला आता वर्ष होत आलं. गल्लीतल्या पुढाऱ्याचा पाय मुरगळला तरी बातमी येते. रुक्माताईसाठी एक ओळ आली नाही. म्हणून मी लिहितेय.

रुक्माताई दारव्ह्याजवळच्या तांड्यावरची. तिची आई, तिची याडी, घागऱ्या-ओढण्यांवर आरसे आणि कवड्या लावून भरतकाम करायची. रुक्माताईनं सुई कधी धरली नाही. "याडी कपड्यावर काढे, मी भितीवर काढतो. तिच्यापाशी दिवा होता, माह्यापाशी ऊन आहे," एवढंच ती स्वतःबद्दल सांगायची. लग्न झालं होतं, मोडलं होतं. त्याविषयी विचारलं की म्हणायची, "थे भित ओली होती. रंग नाई धरला."

उंच, हाडकुळी, खताच्या पोत्यातून शिवलेली पिशवी खांद्यावर. आणि दात निळे. पहिल्यांदा पाहणारा दचकायचाच. ती चुन्यात नीळ, गेरू, काजळी आणि डिंक कालवून रंग करायची आणि तो तोंडानं फवारायची. दोन बारीक नळ्या काटकोनात धरायच्या, एक रंगाच्या बाटलीत, दुसरी ओठांत. फुंकर मारली की बारीक तुषार भिंतीवर. सगळ्यांत जास्त वापर निळीचा, म्हणून दात निळे, जीभ निळी, नखंही निळी.

"काय खाऊन आली वो?" बाजारात एखादी विचारायची.

"भित खाल्ली. तुह्या घरची उरली आहे का थोडी?"

आणि हसायची. तोंडावर हात नाही, पदर नाही. आमच्याकडच्या बाया हसताना काय करतात ते तुम्हाला ठाऊक आहे. रुक्माताईचं हसणं मात्र उघडं, निळं, सगळ्या बाजाराला दिसणारं.

लुगड्याचे काठ आणि ओढणीची नक्षी ती साच्यातून उमटवायची. साचे जुन्या एक्स-रेचे. घरोघरी माळ्यावर दवाखान्यातून आणलेल्या त्या काळ्या फिल्मा पडलेल्या असतात. ती मागून आणायची आणि ब्लेडनं त्यात फुलं, वेली, शंकरपाळी कापायची. मग भिंतीसमोर उभ्या राहिलेल्या सुनेला सांगायची, "हा काठ पाह्य. तुह्या सासऱ्याच्या गुडघ्यातून निंगाला. आखरीले कामी आला बुढा."

भिंत मागायची तिची पद्धतही सांगितली पाहिजे. कोणत्याही घरासमोर उभी राहून ती एकच प्रश्न विचारायची, "दिवाळीले या भितीले चुना कोण मारते?" पुरुष असेल तर तो सांगायचा, घर माझं आहे, माझ्याशी बोल. ती म्हणायची, "घर तुमचंच आहे दादा. मी भितीचं इचारून राह्यली." आणि आत जाऊन चुना मारणारीला गाठायची. जी चुना मारते तिची भिंत, हा रुक्माताईचा कायदा. आमच्या घरात चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे कायम असायचे. त्यांच्यावर बसूनच मी वाचायला शिकले. मालकी हक्कावर त्यांत पानंच्या पानं होती. इतकं सरळ वाक्य मला त्यांत कधी सापडलं नाही.

कायद्याचं दुसरं कलम असं की दिवाळी आली की चित्रानं उठायचं. डिंकाचा रंग चुन्याखाली सहज जातो. बाया हळहळायच्या, राहू दे ना म्हणायच्या. ही म्हणायची, "पाहुणा दिवाळीआधी निंघाला तं पुन्हा बोलावतेत." चित्रावर पहिला हात स्वतः मारायची, मग घरवालीच्या हातात कुंचला द्यायची.

आणि तिच्या सगळ्या बाया पाठमोऱ्या. डोक्यावर पाटी घेतलेली पाठमोरी, हापशावर वाकलेली पाठमोरी, पोराला कडेवर घेऊन जीपची वाट पाहणारी पाठमोरी. मी तिला ओळखू लागले ते याच कारणावरून भांडून. आमच्या मोर्च्यासाठी भिंती रंगवायच्या होत्या. मी कागदावर घोषणा लिहून नेली होती, 'बाईला तिचा आवाज द्या.' रुक्माताईनं मला ती दोनदा वाचायला लावली.

"आवाज आहे ना तिले," ती म्हणाली. "ऐकणारे कोठी आहेत? त्याईचं लिव्ह काही."

मी म्हटलं, "मग तू तरी त्यांना चेहरा दे. सगळ्या पाठ फिरवून उभ्या. अशानं काय होणार?"

तिनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "पत्रकवाले, चेहरा देणं माह्या हातात नाई. एकीचा देला होता. तू पाह्यलं नाई का?"

पाहिलं होतं.

दारव्ह्याला जीपा उभ्या राहतात तिथं एका किराणा दुकानाची आडवी भिंत आहे. त्या भिंतीच्या सावलीत चंद्रकला बसते. हंगामाप्रमाणे सीताफळं, बोरं, कवठं. बसू देण्याच्या बदल्यात दुकानदाराची ती भिंत दिवाळीला तीच चुन्यानं रंगवते. रुक्माताई तेव्हा नुकती भिंती रंगवू लागली होती. तिनं चंद्रकलेला विचारलं, "काढू का तुले?" चंद्रकला हसली. रुक्माताईला ते हसणं हो वाटलं. तेच हसणं तिनं भिंतीवर काढलं, माणसाहून मोठं. पुढचा एक दात थोडा आडवा, तोही तसाच. ते चित्र मी अकरावीत असताना रोज पाहायचे. जीपची वाट पाहणारी माणसंसुद्धा ते बघून नकळत हसत.

नंतर ती माणसं दुसऱ्या तऱ्हेनं हसू लागली. चंद्रकलेचा नवरा हमाली करायचा. पोतं पाठीवर घेऊन तो तिथून गेला की घोळक्यातून कुणीतरी म्हणायचं, "काय रे, तुही बायको कोणाले पाहून हासून राह्यली?" रोज. वेगवेगळी तोंडं, वाक्य एकच. मारहाण झाली नाही. कुणी कुणाला शिवी दिली नाही. नवऱ्यानं फक्त घरी सांगितलं, बाजारात बसायचं नाही. बाजार बंद म्हणजे चंद्रकलेचं सगळं बंद. एवढं काम एका वाक्यानं केलं, आणि ते म्हणणाऱ्यांपैकी कुणाला त्या दिवशी जेवण कमी गेलं नसेल.

मग एका बाजाराच्या दिवशी चंद्रकला ओलं फडकं घेऊन आली. भर दुपारी, सगळ्यांसमोर, टाचा उंचावून तिनं भिंतीवरचं स्वतःचं तोंड पुसलं. डोळे नाही, कपाळ नाही, कुंकू नाही. फक्त तोंड. रुक्माताई समोरच्या चहाच्या टपरीवर होती. ती उठली, जवळ गेली. मला वाटलं, आता हात धरणार. तिनं बादलीतलं पाणी तेवढं पुढं सरकवलं. चंद्रकलेनं फडकं पिळलं आणि पुन्हा घासलं. दुसऱ्या दिवसापासून चंद्रकला पुन्हा भिंतीखाली बसू लागली. मान खाली घालून, तोंडावर पदर.

"थे हासली, मी हो समजली," रुक्माताई भांडणाच्या दिवशी मला म्हणाली. "हासणं म्हणजे हो नाई. हो म्हणजे हो. आता जी बाई स्वतःच्या तोंडानं म्हणन का माहं तोंड काढ, तिचंच काढीन. तवरोक पाठ."

मी घोषणेचा कागद खिशात ठेवला.

पाठी काढण्यातही तिला एक गोष्ट सापडली होती, जी तिच्याआधी मला तरी कुणी सांगितली नव्हती. बाईनं स्वतःची पाठ कधी पाहिलेली नसते. लोहाऱ्याला एका कारखान्यासमोरच्या भिंतीवर तिनं पाळी सुटल्यावर घरी निघालेल्या कामगार बाया काढल्या. बाया भिंतीसमोर उभ्या राहून एकमेकींना विचारत होत्या, "हे मी का? अंबाडा असा लटकते माहा?" दुसऱ्या सांगत, "नाई तं काय, रोजचाच आहे." वॉचमन आला, या कोण म्हणून दरडावू लागला. रुक्माताई म्हणाली, "पाठी आहेत साहेब. नाव इचारा त्याईले." तो खरंच भिंतीकडे वळला, आणि बाया हसत सुटल्या.

ढाणकीला एका म्हातारीनं आपली पाठ बघितली, जवळ जाऊन पुन्हा बघितली. मग सुनेला म्हणाली, "एवढी वाकली का वो मी? सांगतलं काहून नाई?" सून रडायला लागली. रुक्माताईनं विचारलं, "बुढे, सरळ करू का?" म्हातारी म्हणाली, "राहू दे. वाकली तं वाकली. माहीच आहे." शेजारची दुसरी म्हातारी आठवडाभर रुसून होती, हिची काढली, माझी का नाही.

तेवढ्या वर्षांत फक्त एका बाईनं तिच्याकडे तोंड मागितलं. यवतमाळात, नोकरदारांच्या जुन्या वस्तीत. घरात दोन पिढ्यांची सरकारी नोकरी, फाटकावर पाटी. साहेब निवृत्त. त्यांनी फाटकातूनच सांगितलं, "आमच्या घरच्या बायकांना रस्त्यावर आणू नका." रुक्माताई निघाली. मागच्या दारातून त्यांच्या पत्नीनं हाक मारली. कंपाऊंडच्या भिंतीला तिनं आतून हात लावला. "ही बाजू माझी आहे," ती म्हणाली, "कपडे वाळत घालते तिथली. इथं काढाल? समोरून काढा. मला बघायचंय." रुक्माताईनं काढलं. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही ते कधी दिसलं नाही. वाळत घातलेल्या चादरींच्या मागे दिवाळीपर्यंत एका बाईचा चेहरा होता आणि तो फक्त तीच बघायची.

"थे एक मोकळी झाली म्हणावं, का आनखी कोंडली?" रुक्माताईनं मला विचारलं होतं. पत्रकांत उत्तर नव्हतं.

पण तिच्या मनात खरी एकच भिंत होती. दर वर्षी चंद्रकलेनं चुना मारला की चार-आठ दिवसांत रुक्माताई जाऊन तिथं चंद्रकलेची पाठ काढायची. बाजूला बसलेल्या चंद्रकलेला विचारायची, "काय म्हणतं?" चंद्रकला मान हलवायची, "पाठच." बस. वर्षातून एकदा एवढंच बोलणं. मला ते बघवायचं नाही. एकदा मी चिडून म्हणाले, किती वर्षं विचारणार आहेस? ती म्हणाली, "म्या पुसाले नाई लावलं तिले, पण पुसावं लागलं माह्याच पायी. तिचं तोंड माह्यापाशी राह्यलं आहे. वापस द्या लागन ना."

खोकला आधीपासूनच होता. चुना, काजळी, नीळ तोंडानं फुंकायची म्हणजे थोडं आतही जायचं. आम्ही मोटारवर चालणाऱ्या फवाऱ्याचं सांगून पाहिलं. "त्याले लाइट लागते. माह्या भितीले कोठी लाइट?" शेवटी यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे उजेडासमोर धरला, मला बाजूला घेऊन सांगितलं आणि तिला दम दिला, आता फुंकणं बंद. बाहेर येऊन तिनं माझ्या हातातून फिल्म घेतली, उन्हात धरून सगळ्या बाजूंनी पाहिली.

"जागा चांगली आहे," म्हणाली. "मोठा काठ निंगन."

मला वाटलं, गंमत करतेय. पुढच्या खेपेला तांड्यावर गेले तर ती अंगणात ऊन खात बसली होती आणि मांडीवर तीच फिल्म. ब्लेडनं पाकळ्या कापणं चालू होतं. पाकळ्या थांबत थांबत निघत होत्या.

चंद्रकला तिथंच आली. बोरांचा हंगाम होता. पदरात बोरं घेऊन, जीपचं भाडं वाचवून पायी आली होती. बोरं सुपात ओतली, पाणी प्याली, आणि उभ्यानंच म्हणाली,

"भितवाले, तू गेली तं मले कोण काढन?"

रुक्माताईनं ब्लेड खाली ठेवलं.

"माहं तोंड काढ," चंद्रकला म्हणाली. "हासतं."

"अन् घरी?"

"थो म्हणन थे म्हणन. एवढी वर्षं म्हणलंच आहे त्यानं. माहं मी आज म्हणून राह्यली."

रुक्माताई हसली नाही. तिनं फक्त विचारलं, "दात आडवाच ना?"

"आडवाच."

बाजाराच्या दिवशी आम्ही जीपनं दारव्ह्याला गेलो. त्या वर्षीची पाठ आजारपणात राहून गेली होती, भिंत कोरीच होती. चहावाल्यानं बाकडं दिलं. चेहऱ्याचं काम कुंचल्याचं, ते तिला जमण्यासारखं होतं. साडी आणि काठ मात्र फवाऱ्याचे. मी म्हटलं, मी फुंकते. "तुले पत्रकं फुंकता येते," म्हणाली आणि नळी ओठांत धरली. तिच्याच छातीचा साचा मी भिंतीवर दाबून धरला होता. त्यातल्या फासळ्यांमधून निळी फुलं उमटत गेली. एक फूल, मग थांबणं. एक फूल, मग बसणं. खाली चंद्रकला बोरं विकत होती, आणि पुन्हा पुन्हा वर बघत होती.

केस झाले, कपाळ झालं, कुंकू झालं. डोळे झाले, हसताना बारीक होणारे. गालांवर हसण्यानं पडणारे ते दोन बाकही झाले. तोंड तिनं शेवटी ठेवलं होतं. चूक तिथंच झाली होती, म्हणायची, तिथं घाई नाही. कुंचला उचलला आणि खोकल्यानं तिला बाकड्यावरून उतरायला लावलं. परत चढायला गेली. चंद्रकलेनं तिचा हात धरला.

"उद्या कर ना. मी कोठी जाऊन राह्यली? इथंच आहो."

"उद्या करतो," रुक्माताई म्हणाली.

जीप भरली. तिला मागच्या दाराशी जागा मिळाली, तोंड रस्त्याकडे. मी खालीच थांबले, बाकडं परत द्यायचं होतं. जीप हलली तेव्हा ती भिंतीकडे बघत होती. मग तिनं चंद्रकलेकडे पाहिलं आणि नेहमीसारखी हसली, निळी, उघडी. तेवढ्यात खोकला आला. मी तिला ओळखू लागल्यापासून पहिल्यांदाच तिचा हात तिच्या तोंडावर गेला. तसाच हात तोंडावर धरून ती वळणाआड गेली. मी पाहिलेली रुक्माताई तेवढीच.

तो उद्या आला नाही. तांड्यावर तिला माती दिली तेव्हा चंद्रकला होती. चंद्रकलेचा नवराही होता, लांब, झाडाखाली.

दोन-तीन चांगल्या चित्रकारांनी मला विचारलं, तोंड आम्ही पूर्ण करून देऊ का. मी चंद्रकलेला विचारलं. "नको," म्हणाली. "जिचं राह्यलं तिचंच राहू दे." यंदा दिवाळीला तिनं भिंतीला चुना मारला. दोन हात दिले, कडा सांभाळून. मधली बाई तशीच सोडली. रुक्माताईचं दुसरं कलम तिनं मोडलं. पण पहिल्या कलमानं भिंत तिची आहे. आता पांढऱ्याशुभ्र भिंतीत एक धुरकट तुकडा आहे आणि त्यात निळ्या काठाची एक बाई, डोळ्यांत हसू, गालांत हसू, तोंडाच्या जागी मोकळी भिंत.

आणि तिच्या खाली चंद्रकला बसते. पदर आता खांद्यावर असतो. गिऱ्हाईक बोललं, काही गमतीचं असलं, तर ती हसते. त्या चित्राचं तोंड सध्या तेवढंच आहे. खाली बसलेलं, हाडामांसाचं, एक दात आडवा असलेलं.

म्हणून एक मागते. सही नको, वर्गणी नको, मोर्च्याला या असंही म्हणत नाही. कधी दारव्ह्याला जीपची वाट पाहत उभे राहाल. ती बाई हसेल. तुमच्या शेजारच्या घोळक्यातून कुणीतरी ते जुनं वाक्य काढेल, कारण ती वाक्यं मरत नाहीत, फक्त तोंडं बदलतात. तेव्हा हसू नका. जीप आली म्हणून निघून जाऊ नका. वळून त्या माणसाकडे बघा आणि त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगा, "हसू दे तिला."